बूटसाहेबांचं वजन

आमच्या चौकातल्या पुतळ्याचा डावा बूट इतका पुढे आलाय की खालून बघितलं तर आधी बूट दिसतो, मग पुन्हा बूट दिसतो आणि शेवटी खूप वर कुठेतरी माणूस दिसतो. म्हणून त्यांचं नाव बूटसाहेब. खरं नाव चौथऱ्यावर कोरलेलं आहे, पण कबुतरांनी त्यावर इतकी वर्षं आपलं मत नोंदवलंय की वाचायची सोय नाही.

बूटसाहेबांनी शहराला कालवा आणला, हे आम्हाला चौथीत शिकवलं. कालवा खणताना एकशे बारा माणसं मेली आणि पळून जाणाऱ्यांना फटके बसले, हे चौथीत शिकवलं नाही. ते औषधाच्या दुकानवाल्या काकूंनी जुन्या कागदांतून शोधून काढलं. त्यांच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव त्या एकशे बारांत होतं, सत्तेचाळिसाव्या ओळीवर. काकूंनी ती यादी दुकानाच्या काचेवर चिकटवली, खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीशेजारी, आणि म्हणाल्या, "हा माणूस चौकात नको." त्यावर इतिहासाचे निवृत्त शिक्षक, ज्यांना अख्खं शहर सनावळी सर म्हणतं, ते म्हणाले, "मग कालवाही बुजवा. आणि उद्यापासून तहान लागली की तुमचं खोकल्याचं औषध प्या."

तिथून जी जुंपली ती दीड वर्ष चालली, आणि जुंपायची जागा म्हणजे आमचं सलून. बाबांच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या आहेत. खिडकीजवळच्या खुर्चीतून पुतळा दिसतो, म्हणून सर तिथेच बसायचे. काकू केस कापायला येत नसत, भांडायला येत. दारात उभ्या राहून त्या आरशातल्या सरांशी भांडायच्या आणि सर आरशातूनच उत्तर द्यायचे. बाबा मध्ये कात्री चालवत. त्यांचं एकच म्हणणं, "ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याने मत बाळगू नये. गिऱ्हाईक मान हलवतं."

शेवटी नगरपालिकेने ठरवलं, पुतळा चौकातून काढून संग्रहालयाच्या मागच्या अंगणात ठेवायचा. काकू म्हणाल्या, मागच्या का होईना, अंगणात कशाला. सर म्हणाले, अंगणात का होईना, मागच्या कशाला. म्हणजे दोघेही नाराज, म्हणजे निर्णय बरोबर होता, असं बाबा म्हणाले. पण हळूच, आणि वस्तरा खाली ठेवून.

आणि पुतळा उचलायचं काम आलं माझ्या आईकडे.

आई नगरपालिकेची क्रेन चालवते. त्याआधी नऊ वर्षं ती गोदीत खाली उभी राहून पट्टे अडकवायची आणि वरच्याला हाताने इशारे करायची. मग परीक्षा देऊन ती स्वतः वर जाऊन बसली. सहा महिने तात्पुरती, मग साहेबांना पटलं तर कायम. साहेब म्हणजे कार्यालयातले इंजिनिअर, आमच्या घरात त्यांना फाइलसाहेब म्हणतात, कारण फाइलमध्ये नसेल तर त्यांच्या लेखी पाऊससुद्धा पडलेला नसतो. सहा महिने त्याच महिनाअखेरीला संपत होते. पुतळा नीट उचलला तर आई कायम. नाहीतर पुन्हा गोदी, पुन्हा खालून इशारे.

आईचा एक नियम आहे. वजन कळल्याशिवाय हूक लावायचा नाही. भाजीची पिशवीसुद्धा ती आधी एका बोटाने तोलून बघते. महिनाभर ती घरात पुटपुटत फिरत होती, "याचं वजन काय, याचं खरं वजन काय." त्यातून मला कल्पना सुचली. मी एक खोकं घेतलं (बुटाचंच, दुसरं शोभलं नसतं), त्याला वरून चीर पाडली, त्यावर लिहिलं, "बूटसाहेबांचं वजन ओळखा. बक्षीस: एक हजामत फुकट," आणि ते सलूनमध्ये ठेवून दिलं. बाबांना मी नंतर विचारलं. म्हणजे चिठ्ठ्या साठ झाल्यावर.

"कार्टे, हजामत कोणाची?" बाबा म्हणाले.

"जिंकेल त्याची."

"आणि माझी जी झाली ती?"

पण खोकं त्यांनी हलवलं नाही, कारण लोक चिठ्ठी टाकायला येत आणि आलेच आहोत तर म्हणून दाढी करून जात.

चिठ्ठ्या वाचताना मला एक गंमत दिसली. ज्यांना पुतळा हवा होता ते सगळे वजन भरपूर लिहीत आणि ज्यांना नको होता ते कमी. सरांनी लिहिलं होतं, "नऊ टन. अशी माणसं हलकी नसतात." काकूंनी लिहिलं होतं, "चारशे किलो. आत सगळा पोकळ कारभार." माझ्या मैत्रिणीने लिहिलं होतं, "कबुतरं धरून की सोडून?" मी त्याचा आलेख काढून गणिताच्या बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, आलेख उत्तम आहे, पण यातून पुतळ्याचं वजन निघत नाही, लोकांचं निघतं. मी महिनाभर तरंगत होते. नववीत असल्यामुळे मला तेव्हा सगळंच येत होतं.

रोज दुपारी टॉवेलआजी यायच्या. त्या सलूनचे टॉवेल धुतात, बाबांच्याही आधीपासून, म्हणजे जुन्या मालकांच्या काळापासून. वापरलेले टॉवेल गाठोड्यात बांधायचे, धुतलेले ठेवायचे, निघायचं. त्या दिवशी गाठ मारता मारता त्यांनी विचारलं, "हे खोकं कशाला गं?"

"पुतळ्याचं वजन ओळखायचं, आजी. टाका तुम्ही पण."

"मला लिहिता येत नाही. तू लिही. दोनशे चाळीस घमेली."

मला हसू आलं. "आजी, टनात सांगा. किंवा किलोत."

"टन मला येत नाही. घमेली येतात."

मी लिहिलं, "२४० घमेली." त्या गेल्यावर लाल पेनने शेजारी "बाद" असंही लिहिलं आणि मैत्रिणीला दाखवून आम्ही दोघी पोट धरून हसलो. कशाची घमेली, हे मी विचारलं नाही. म्हणजे मला विचारायचं सुचलंच नाही.

*

शनिवारी सकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. सर कोट घालून आले होते. काकू ती एकशे बारा नावांची यादी मोठी करून घेऊन आल्या होत्या. पुतळ्याच्या पायाचे बोल्ट आदल्या दिवशीच कापून झाले होते, आता बूटसाहेब नुसतेच उभे होते, आमच्यासारखे. क्रेन आली ती छोटी, पाच टनी. कारंजं आणि लोखंडी कठडा मध्ये असल्यामुळे ती दूरच उभी करावी लागली.

आई केबिनमध्ये गेली नाही. ती पाना घेऊन शिडीवर चढली आणि पुतळ्याला ठोकू लागली. छातीवर ठोकलं, ठण्ण असा घंटेसारखा आवाज आला. दंडावर ठोकलं, ठण्ण. कमरेखाली ठोकलं आणि आवाज आला, ठप. मांडीवर ठप. बुटावर ठप. आई शिडीवरून खाली उतरली.

"साहेब, वजन किती?"

"अडीच टन," फाइलसाहेबांनी फाइल न उघडता सांगितलं. "कारखान्याचा दाखला आहे. साठ वर्षांपूर्वीचा."

"कमरेखाली काहीतरी भरलंय. आवाज बसका येतो."

"फाइलमध्ये भरल्याची नोंद नाही."

"फाइलला ठोकून बघितलं नाही मी. पुतळ्याला बघितलं."

मागे कोणीतरी हसलं, आणि तिथेच बिघडलं, कारण फाइलसाहेबांना हसलेलं चालत नाही. ते म्हणाले, "बाई, क्रेन पाच टनी आहे. अडीचच्या जागी साडेतीन असलं तरी उचलेल."

"पाच टनी म्हणजे जवळून पाच. बादली पोटाशी धरली तर उचलते, हात लांब करून धरली तर खांदा निखळतो. एवढ्या लांबून ही तीनच घेईल."

"मग जरा उचलून बघा."

"जरा उचलून बघितलं तर क्रेन जरा पडत नाही, साहेब. पूर्ण पडते."

फाइलसाहेबांनी घड्याळ बघितलं, गर्दी बघितली, दोन फोटो काढणारे बघितले. मग म्हणाले, "सोमवारी सकाळी दहा. एकतर तुम्ही उचला किंवा उचलता का येत नाही त्याचा पुरावा द्या. नाहीतर दुसरा ऑपरेटर सांगितलाय मी. आणि तुमचा कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे."

मग गर्दीने आईला घेतलं. काकू म्हणाल्या, "पुतळावाल्यांनी तुला थांबवलं का गं?" सर त्याच वेळी म्हणत होते, "बघा, हिचाही हात धजावत नाही." दीड वर्षात पहिल्यांदा दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट म्हणजे माझी आई. मागून एकजण म्हणाला, बाईमाणूस आहे, घाबरली असेल. आईने पाना पुसला, खिशात ठेवला आणि क्रेन मागे घेतली, इतकी सरळ की कठड्याला केसभरही लागली नाही. ते मात्र कोणी बघितलं नाही.

संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "लोकांचं काय, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला."

"जीभ उचलायला क्रेन लागत नाही ना," आई म्हणाली. तिने चमच्याने रिकाम्या पातेल्यावर ठोकलं, मग तांदळाच्या डब्यावर. "वर घंटा, खाली पोतं. कोणीतरी पाय भरलेत. दगड, सिमेंट, काहीतरी. पण किती? अर्धा टन असेल तर मी मूर्ख ठरते. चार टन असेल तर परवा तो दुसरा ऑपरेटर कारंज्यात जातो. कोणी भरलं, कशाने भरलं, साठ वर्षांनी कोणाला विचारू मी?"

माझा घास तोंडातच राहिला.

सलूनची किल्ली खिळ्यावर होती. मी धावत गेले, खोकं उपडं केलं आणि लाल पेनचा तो कागद शोधला. घरी येऊन आईपुढे ठेवला. तिने वाचला. "घमेली" वाचलं, मग "बाद" वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हे बाद कोणी केलं?"

"परीक्षकांनी," मी म्हणाले.

बाबा म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि काख माझीच."

*

रविवारी सकाळी आम्ही तिघं टॉवेलआजींकडे गेलो. त्यांच्या मागच्या अंगणात दोऱ्यांवर साठेक टॉवेल वाळत होते आणि आजी त्यांच्यातून वाट काढत बाहेर आल्या. आईने पुतळ्याचा विषय काढला तेव्हा त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

"हो, मग. मी आणि माझी जाऊ होतो त्या कामावर. पुतळा तीन तुकड्यांत आला. आधी नुसते पाय उभे केले. आठ दिवस अर्धाच साहेब होता चौकात, कमरेपर्यंत. आम्ही जेवणाचे डबे त्याच्या पट्ट्याला टांगायचो, मुंग्या लागत नसत. मग मुकादम म्हणाला, वाऱ्याने हलतंय, पाय भरा. आम्ही दोघींनी शिडीवरून खडी-सिमेंट नेऊन ओतलं. दोनशे चाळीस."

"आजी, आकडा नक्की आहे?" आई म्हणाली. "साठ वर्षं झाली."

"शिडीवर मला भीती वाटायची. जाऊ म्हणाली, मोजत चढ, खाली बघायचं सुचणार नाही. ती एक म्हणायची, मी दोन म्हणायचे. दोनशे चाळीसला ती म्हणाली, आता घाबर, काम संपलं." आजी एक टॉवेल उलटा करत म्हणाल्या, "ती जाऊन अकरा वर्षं झाली. मला अजून जिना चढताना मोजल्याशिवाय चढता येत नाही."

"मग इतके दिवस कोणाला सांगितलं का नाही?" बाबांनी विचारलं.

"मला कोणी विचारलं? या पोरीने विचारलं, हिला सांगितलं. ही हसली."

मी एका टॉवेलमागे गेले.

बाहेर यायला लागलं, कारण हिशेब मलाच करायचा होता. घमेलं आजींकडेच होतं, त्याच मापाचं, आता त्यात साबणाचं पाणी करायच्या. पलीकडे एक घर बांधायचं चाललं होतं, तिथल्या गवंड्याकडून कालवलेलं सिमेंट मागितलं. मी घमेलं काठोकाठ भरलं. आजींनी तळहाताने वरचं सगळं खाली ओढलं. "एवढं घेऊन तू चढून दाखव शिडी. आम्ही इतकंच घ्यायचो," म्हणत त्यांनी काठाखाली दोन बोटं जागा सोडली. ते भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं. भंगारवाल्याने विचारलं, हे विकायला आणलंय का? भरलेलं अठरा किलो, रिकामं दोन. म्हणजे सोळा. सोळा गुणिले दोनशे चाळीस म्हणजे तीन हजार आठशे चाळीस.

"पाणी उडालं असेल थोडं," आई म्हणाली. "साडेतीन धर. अडीच वरचे. सहा टन."

ती एवढंच बोलली आणि खाली काट्याच्या फळीवरच बसली. पाच टनी क्रेन, लांब केलेला हात, सहा टन. शनिवारी तिने फाइलसाहेबांचं ऐकलं असतं तर क्रेनसकट कारंज्यात गेली असती.

*

सोमवारी दहाला फाइलसाहेब माझा कागद वाचत होते. मी तो सुवाच्य अक्षरात, समास सोडून लिहिला होता. बाजूला दुसरा ऑपरेटर उभा होता, दात कोरणारा एक माणूस.

"घमेली," फाइलसाहेब म्हणाले. "हे माप फाइलमध्ये लिहिता येत नाही. आणि साठ वर्षांपूर्वीची आठवण हा पुरावा नाही."

"मागे कमरेच्या जरा वर, कोटाच्या पाठीवर झाकण आहे," टॉवेलआजी म्हणाल्या. गर्दी त्यांच्याकडे वळली, त्यांनी मात्र कोणाकडे बघितलं नाही. "वरचा तुकडा बसवल्यावर आतले बोल्ट आवळायला ठेवलं होतं. चार स्क्रू. उघडून बघा."

कबुतरांच्या मेहनतीखाली ते झाकण इतकी वर्षं कोणाला दिसलं नव्हतं. आईने खरवडलं, चार स्क्रू निघाले, झाकण निघालं. तिने बॅटरी आत धरली आणि फाइलसाहेबांना वर बोलावलं. ते आधी फाइल काखेत घेऊन चढायला लागले, मग ती मला धरायला दिली. मी धरली. फार जड नव्हती.

आत पायांच्या वर काँक्रीट होतं, कमरेपर्यंत, सपाट केलेलं. आणि मधोमध एका हाताचा पंजा उमटलेला होता. करंगळी अर्धीच.

"करंगळी आखूड आहे का?" आजींनी खालून विचारलं.

"आहे," फाइलसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाइलीसारखा नव्हता.

"मग तो हात माझ्या जावेचाच. वर हात मारून सपाट केलं होतं. मुकादम ओरडला होता तिला, साहेबाच्या आत हात कशाला घालतेस म्हणून."

दात कोरणारा ऑपरेटर त्या झाकणातून एकदा डोकावला, छोट्या क्रेनकडे बघितलं, कारंज्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मला आज दुसरीकडे काम आहे."

मग सर खाकरले. "सहा टन म्हणजे माझ्या नऊला त्यातल्या त्यात जवळ."

"त्यातले साडेतीन आमचे आहेत," काकू म्हणाल्या. "घमेल्याने भरलेले. साहेब नुसता वरचा पत्रा."

"पत्रा नाही, कांस्य."

"सर, नाकापेक्षा मोती जड ऐकलं होतं. इथे साहेबापेक्षा पायच जड."

सरांनी आरसा शोधला, नव्हता, म्हणून पहिल्यांदाच सरळ काकूंकडे बघितलं. मग ते टॉवेलआजींकडे गेले आणि वही काढून म्हणाले, "बाई, तुमच्या जाऊबाईंचं नाव काय होतं? साल आठवतं का?" आणि तिथेच चौथऱ्याच्या पायरीवर बसून लिहून घेऊ लागले. काकू खांद्यावरून वाकून शुद्धलेखन तपासत होत्या.

गुरुवारी गोदीतून वीस टनी क्रेन आली. आई केबिनमध्ये बसली आणि खाली इशारे करायला तिची जुनी मैत्रीण होती. पट्टे ताठ झाले. बूटसाहेब आधी करकरले, मग चौथऱ्यापासून बोटभर सुटले आणि आईने तिथेच थांबवलं. केबिनमधल्या काट्यावर आकडा आला, सहा पूर्णांक एक. मग ते वर गेले, डाव्या बुटासकट, माझ्या डोक्यावरून, अगदी सावकाश, झोपलेलं बाळ दुसऱ्या खोलीत न्यावं तसे. एक कबूतर डोक्यावर बसूनच राहिलं आणि संग्रहालयाच्या अंगणापर्यंत गेलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी घोषणाही दिली नाही. सगळे आकाशातला बूट बघत होते.

आईचा कायम झाल्याचा कागद महिनाअखेरीला आला. फाइलसाहेबांनी शेऱ्यात आधी लिहिलं होतं, "काम अडवण्याची सवय." ते खोडून खाली लिहिलं होतं, "कारण असल्यास काम थांबवतात." आईने तो कागद एका बोटावर तोलून बघितला आणि म्हणाली, "बरोबर आहे." पुतळ्याच्या फाइलमध्ये वजनाच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं हेही आम्हाला कळलं. आधी सहा पूर्णांक एक टन, आणि खाली, बारीक अक्षरात, पैकी दोनशे चाळीस घमेली.

मी चिठ्ठीवरचं लाल "बाद" खोडून "पहिला क्रमांक" लिहिलं आणि ती सलूनच्या आरशाला लावली.

टॉवेलआजी बक्षीस घ्यायला आल्या त्या दिवशी सर बाकावर वाट बघत होते आणि काकू दारात उभ्या होत्या. विषय होता, रिकाम्या चौथऱ्यावर आता काय. सर म्हणत होते, एकशे बारा नावं कोरायची तर अक्षरं किती मोठी बसतील ते आधी मोजा. काकू म्हणत होत्या, मोजायला आता सगळ्यांना येतं. आजी दोघांच्या मधून गेल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाबांनी टॉवेल झटकून त्यांच्या गळ्याभोवती घातला. आजींनी त्याचं टोक नाकाशी धरलं.

"हा मंगळवारचा आहे. नीट वाळला नव्हता."

"मी काही बोललो नाही, आजी," बाबा म्हणाले. "किती कापू?"

आजींनी आरशात बघितलं, मग खिडकीतून बाहेर बघितलं. पुतळा गेल्यापासून सकाळचं ऊन थेट त्या खुर्चीपर्यंत येतं.

"थोडेच काप," त्या म्हणाल्या. "आणि आता उजेड आलाय, तर नीट बघून."